बॉडीआधी लेन्स, आणि लेन्सइतकाच कोरडा डबा

प्रिय बाळा,

आशीर्वाद. कोणता कॅमेरा घ्यावा, हा तुझा प्रश्न. एका बाजूला एपीएस-सी सेन्सरचा (उजेड टिपणारा भाग लहान असलेला) कॅमेरा किट लेन्ससकट, म्हणजे सोबत मिळणाऱ्या साध्या झूमसकट, दुसऱ्या बाजूला तिप्पट किमतीचा, मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम, आणि त्यासाठी कर्ज काढायची तुझी तयारी. टिपायचंय काय, तर दशावतार, किनाऱ्यावरचे पक्षी आणि जमलीच तर लग्नाची कामं. दशावतारापासूनच सुरू करू, कारण कॅमेऱ्याचा खरा कस तिथे लागतो.

जत्रेच्या रात्री रंगमंचावर उजेड बेताचा. युद्धाचा प्रसंग आला की पात्रं गिरक्या घेतात, म्हणजे शटर १/२५० सेकंदाहून हळू ठेवता येत नाही. किट लेन्स झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ किंवा ६.३ वर अडकतं (आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं). मग आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १२८०० पर्यंत चढवावा लागतो आणि चेहऱ्यावरची रंगरंगोटी दाणेदार, मळकट होऊन जाते. त्याच बॉडीवर, म्हणजे लेन्स काढलेल्या कॅमेऱ्यावर, ५० मिमी १.८ ची लेन्स लाव. ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड आत येतो, आणि १२८०० चं काम साधारण १३०० वर भागतं. आता फुल-फ्रेमचा हिशेब बघ. सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोनपटीहून थोडंसंच जास्त. लेन्स दहापट देते, सेन्सर सव्वादोनपट. म्हणून स्वस्त बॉडी आणि १.८ ची लेन्स ही जोडी महागडी बॉडी आणि ५.६ च्या झूमला रात्री सहज मागे टाकते. सगळे पैसे फुल-फ्रेम बॉडीत घालून वर एपीएस-सीचीच लेन्स चढवलीस, तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाईल आणि २४ मेगापिक्सेलमधले साधारण १० च हातात उरतील.

१.८ लाही मर्यादा आहेत. राजा पुढे आणि राक्षस दोन हात मागे असला की एकाचाच चेहरा धारदार येतो, दुसऱ्याचा विरघळतो. अशा वेळी २.८ वर ये, आयएसओ वाढू दे. एलईडीखाली पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नकोस, फोटोत आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पात्रं स्थिर असताना १/१०० किंवा १/५० वर पट्टे जवळपास जातात.

पक्ष्यांसाठी लांब लेन्स लागते. तिथे छोटा सेन्सर उलट कामाला येतो, ४०० मिमीची लेन्स ६०० सारखी चौकट देते. हिवाळ्यात कुरव अगदी जवळून उडतात, त्यांना १/२००० शटर पुरतं. समुद्रगरुड झेप घेतो तेव्हा मात्र महाग बॉडीचा वेगवान फोकस आणि मोठा बफर (सलग फोटो साठवणारी तात्पुरती मेमरी) खरोखर उपयोगी पडतो. वेळासला कासवांची पिल्लं टिपायला जाशील तेव्हा फ्लॅश घरीच ठेव, पिल्लांची दिशा चुकते.

लग्नाची कामं घेणार असशील तर माझं मत बदलतं. कार्डाचे दोन स्लॉट हवेतच. कार्ड बिघडलं तर अंतरपाट पुन्हा धरता येत नाही, आणि बजेट बॉडीत बहुधा एकच स्लॉट असतो. अशा कामाला दोन स्लॉटची बॉडी भाड्याने घे. कामं वर्षभर टिकली की विकत घ्यायचा विचार कर.

वेदर सीलिंगच्या जाहिरातीवर फार विसंबू नकोस. बॉडीला सील असूनही लेन्सच्या माउंटला (बॉडीला जोडणाऱ्या कड्याला) रबर नसेल तर पाणी तिथूनच शिरतं, आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. आपल्याकडचा मोठा शत्रू खारी, दमट हवा. पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते आणि ती कोटिंग खाते. रबरी कडेचा हवाबंद डबा, आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणि सिलिका जेल घे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू दे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापर. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवू नकोस, ती ओल धरून ठेवते. किनाऱ्यावरून आल्यावर आधी ब्लोअरने फुंकर मार, मग किंचित ओल्या कापडाने बॉडी पूस. काचेवर सुकलेलं मीठ कोरड्या कापडाने घासलंस तर ओरखडे पडतात. वाळूत उभं राहून लेन्स बदलू नकोस.

जुना कॅमेरा घेणार असशील तर तो किनारपट्टीवरचा आहे का, हे यंत्रच सांगतं. स्क्रूच्या डोक्यांवर गंज, फ्लॅशच्या खाचेत तांबूस डाग, बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर दिसला तर सोडून दे. लेन्सच्या मागून मोबाइलची टॉर्च मार आणि समोरून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. झूमची रिंग फिरवताना करकर आली तर वाळू आत गेली आहे. निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी घेत असशील तर तिच्यात फोकसची मोटर नसते, बॉडीच्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सवर हाताने फोकस करावा लागेल.

दुकानात स्वतःचं कार्ड घेऊन जा. पांढऱ्या भिंतीवर एफ/१६ ला एक फोटो काढ, सेन्सरवरची धूळ दिसेल. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आयएसओ ६४०० वर माणसाचा चेहरा काढ. दोन्ही फोटो घरी मोठ्या पडद्यावर बघ आणि दुसऱ्या दिवशी पैसे दे.