"राहू दे, मी करतो"

"सगळ्यांना येतं, मॅडम. मला एकटीलाच जमत नाही." सबमिशन जवळ आलं की इंजिनीअरिंगची मुलं हे हमखास सांगतात. ऐरोलीहून ठाण्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगीही हेच म्हणत होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चौघांचा ग्रुप. प्रोजेक्टसाठी निवडली रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा, जी कॉलेजात शिकवलेलीच नव्हती. हिची पायथन ही दुसरी भाषा चांगली. पहिल्याच आठवड्यात हिचा कोड अडला, तेव्हा एकजण "राहू दे, मी करतो" म्हणाला आणि लॅपटॉप स्वतःकडे घेतला. तेव्हापासून हिच्या वाट्याला रिपोर्ट आणि पीपीटी. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली. हे तीन-चार शब्द चांगल्या मनाने बोलले जातात, पण शिकणारं माणूस त्यांनीच बाजूला पडतं, असं मला अनेकदा दिसलंय.

मला कोडिंग येत नाही. म्हणून मी तिला लॅपटॉप उघडायला लावला आणि अडलेली एरर मराठीत समजावून सांग म्हटलं. लाल अक्षरं दिसली की ती स्क्रीन मिटून टाकायची. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने ती शेवटपर्यंत वाचली.

"रस्टमध्ये प्रत्येक व्हॅल्यूचा मालक एकच असतो. मी ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, फंक्शनला, म्हणजे कोडच्या दुसऱ्या तुकड्याला देऊन टाकली, आणि खाली परत तीच वापरतेय."

"म्हणजे वही मैत्रिणीला देऊन टाकलीस आणि आता तीच उघडायला बघतेयस?"

"हो! नुसती वाचायला द्यायला हवी होती. त्याला बॉरो म्हणतात. नाहीतर झेरॉक्स काढून द्यायची, ते क्लोन."

तिने दोन ठिकाणी अँपरसँड (&), म्हणजे बॉरोची खूण, टाकला. एरर गेली. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

मग तीच मला सांगत बसली, की पायथनमध्ये मेमरीचा हिशेब भाषा स्वतः ठेवते. रस्टचा कंपाइलर, म्हणजे कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारं साधन, मात्र प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवतो. ही मालकी तपासणाऱ्या त्याच्या भागाला बॉरो चेकर म्हणतात, आणि 'बॉरो चेकरशी भांडण' हा अनुभवी प्रोग्रॅमरच्या तोंडीही असलेला शब्दप्रयोग आहे. हे सगळं माहीत असूनही ती स्वतःला ढ समजत होती.

पुढच्या आठवड्यासाठी आम्ही एकच गोष्ट ठरवली. फाइल वाचण्याचा छोटा भाग मागून घ्यायचा आणि म्हणायचं, "मला करून देऊ नकोस, शेजारी बस. कीबोर्ड माझ्याकडे." हे वाक्य खोलीत तीनदा म्हणून घेतलं, कारण पहिल्या वेळी तिचा आवाज फुटेना.

ती परत आली तेव्हा तो भाग चालू झाला होता. शेजारी बसलेल्या त्या मुलाने कबूल केलं होतं, की एरर जावी म्हणून तो न समजताच सगळीकडे क्लोन टाकत होता. तिने त्याला वहीचं उदाहरण सांगितलं. पीपीटीच्या स्लाइड्स आता चौघांनी वाटून घेतल्या आहेत.