जालन्यात एकाने बरणीत स्टीलच्या प्लेटा बसवून हायड्रोजन किट बनवून दिलं, त्याने माझ्या डिझेल पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढेल का?

नाही, वाढणार नाही. झालंच तर थोडं घटेल. पाण्यापासून हायड्रोजन काढायला लागणारी वीज तुमचा अल्टरनेटरच देतो आणि त्याला फिरवतं ते तुमचंच डिझेल. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ढोबळ हिशेब बघा: इंजिनाकडून १०० भाग ताकद घेतली तर अल्टरनेटरमधून ५५-६० निघते, बरणीतल्या गॅसमध्ये ३५ उरते आणि तो गॅस इंजिनात जळून चाकाला मिळते १२ च्या आसपास. बरं, गॅस तरी किती? असली बरणी मिनिटाला फार तर एक-दोन लिटर देते; २ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण २००० लिटर हवा ओढतं. किट लावल्यावर ‘फरक पडला’ म्हणणारे बहुतेक वेळा गाडीच जपून चालवायला लागलेले असतात.

हायड्रोजन हे इंधन मात्र खोटं नाही. बाहेरच्या विजेवर बनवून टाकीत भरला तर त्यावर गाडी चालते, पण ती व्यवस्थाच वेगळी. बरणी काढताना इंजिन बंद ठेवा, जवळ विडी-काडी नको, आणि आतलं कॉस्टिकचं पाणी डोळ्यांत उडू देऊ नका.