आधी पाय बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. ऑस्टिनला येऊन दोन वर्षंही झाली नाहीत आणि तुमच्या घरात अमेरिकन फुटबॉलवरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, टेक्सस विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) आर्च मॅनिंग याच्याकडे नामांकित आजोबा-काकांच्या आडनावाशिवाय काही नाही. दुसरा म्हणतो, पोरगा अस्सल आहे, प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन त्याची माती करतोय. तू सप्टेंबरात पहिल्या तटात होतीस, नोव्हेंबरात दुसऱ्या. आता सगळे तुला पलटूराम म्हणतात आणि तू मला विचारतेस, "काका, मला हा खेळ कळतो की नाही?"

नाही कळत. पण वाईट वाटून घेऊ नकोस, त्या हॉलमध्ये बसणाऱ्या कुणालाच कळत नाही, कारण तुम्ही सगळे चेंडू बघता. चेंडू सोड. आधी पाय बघ.

हे मी हौसेनं सांगत नाही, त्याला साधं कारण आहे. टीव्हीवर स्नॅपनंतर, म्हणजे मधल्या सेंटरने चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यावर, पास पकडणारे रिसीव्हर चौकटीबाहेर पळून जातात. सेफ्टी, म्हणजे समोरच्या संघाचे सगळ्यात मागचे बचावपटू, बहुतेक वेळा दिसतच नाहीत. कुणाची मार्किंग चुकली, रिसीव्हरचा पळण्याचा कुठला मार्ग (रूट) ठरला होता, हे घरात बसून कळायला मार्ग नाही. सगळे २२ खेळाडू दाखवणारं चित्रण एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, विकत तरी मिळतं, कॉलेजचं आपल्यासारख्यांच्या हाती सहसा लागत नाही. मग दिसतं काय? चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंतचे साधारण अडीच सेकंद क्वार्टरबॅक अगदी मध्यभागी, नखशिखांत दिसतो. पुराव्याने बोलता येईल असं तेवढंच आहे. आणि नेमके तेवढेच अडीच सेकंद तुम्ही चेंडू कुठे पडणार याची वाट बघण्यात घालवता. शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसणारी मंडळी पोराचा पुढचा पाय बघून सांगतात की हा स्विंगला फसणार. ती धावफलकाकडे बघत नाहीत. तुला हे नव्याने सांगावं लागू नये.

आता नीट वाच. शॉटगन नावाच्या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे सुमारे पाच यार्डांवर उभा असतो. चेंडू आला की मागे जाणारी पावलं मोज. झटपट पासला एक किंवा तीन छोटी पावलं. मधल्या पल्ल्याच्या पासला तीन मोठी पावलं, आणि मग हिच, म्हणजे जागच्या जागी पुढे घेतलेली छोटी उसळी. ही पावलं शोभेची नसतात. शेवटच्या पावलाला मागचा पाय रोवला गेला की पहिल्या रिसीव्हरचा निर्णय झालेला असायला हवा. तो मोकळा नसेल तर एक हिच, दुसरा रिसीव्हर. आणखी एक हिच, तिसरा. त्यानंतर पळ, नाहीतर चेंडू बाहेर भिरकावून दे. डोळे नि पाय एकाच तालात चालले पाहिजेत. तरुण क्वार्टरबॅकचा ताल बिघडतो तो इथेच. डोळे दुसऱ्या रिसीव्हरवर पोचतात, पण कंबर नि पाय पहिल्याकडेच तोंड करून राहतात, आणि मग तो नुसत्या हाताने फेकतो. तुम्ही ओरडता, "काय हा नेम!" नेम बिचारा शाबूत असतो.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय शेवटी पडतो. तो लक्ष्याच्या किंचित डावीकडे, बेताच्या अंतरावर पडायला हवा. ढांग फार लांब पडली तर वजन मागे राहतं आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. पाय फारच बाहेर उघडला तर खांदा लवकर फिरतो, चेंडू उंच आणि भरकटलेला. पाय आत वळून पडला तर कंबर फिरतच नाही, सगळा भार हातावर येतो, आणि चेंडू आखूड किंवा धावणाऱ्या रिसीव्हरच्या पाठीमागे पडतो. समोर कुणी आलेलं नसताना मागच्या पायावर रेलून फेकला तर चेंडू हवेत तरंगतो, आणि तरंगणारा चेंडू सेफ्टीला आयता मिळतो. २०२५ च्या सप्टेंबरात सगळीकडे आर्चच्या हाताची चर्चा होती, कोपर खाली येतं, कडेने फेकतो वगैरे. माझ्या मते कोपर हे लक्षण आहे, रोग नव्हे. कंबरेला फिरायला जागा मिळाली नाही की हात वाट काढायला खाली येतो. म्हणजे पुन्हा पायच.

एक गोष्ट तुमच्या हॉलमध्ये कुणीच बोलत नसेल. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅश मार्कमध्ये, म्हणजे ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळ सुरू होतो त्या खुणांमध्ये, ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी सीमारेषा १०० फूट, तेहतीस यार्डांहून दूर. तिकडचा दहा यार्डांचा साधा आउट रूटसुद्धा (पुढे पळून सीमारेषेकडे वळणं) हवेतून पस्तीसेक यार्डांचा पास होतो. असा पास नुसत्या हाताने जात नाही. चेंडू कुठल्या हॅशवर आहे ते स्नॅपआधी बघून ठेव. रुंद बाजूचा पास आखूड पडला तर आधी पाय बघ, मग पोराला शिव्या दे.

आता दुसऱ्या तटाकडे येऊ. सार्किसियन प्ले, म्हणजे प्रत्येक वेळची चाल, स्वतः ठरवतो, त्यामुळे त्याला मोकळं सोडायचं कारण नाही. पण त्याची चूकही पायांतूनच दिसते. लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर उभे राहून धावून येणाऱ्यांना रोखणारे पाच जण, नवी होती. २०२४ च्या पाचपैकी चार जण गेले होते, त्यात केल्व्हिन बँक्स एनएफएलच्या खेळाडू-निवडीत (ड्राफ्टमध्ये) नवव्या क्रमांकाने सेंट्स संघाकडे गेला. अशा लाइनमागे क्वार्टरबॅक वारंवार तीन मोठी पावलं आणि दोन हिच घेताना दिसला, तर तो दोष प्ले ठरवणाऱ्याचा. पावलं छोटी, एकच हिच, आणि तरीही चेंडू हातातच, तर पोराचा.

सॅकचंही, म्हणजे चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडण्याचंही, तसंच. मागचा पाय रोवायच्या आत माणूस येऊन आदळला तर लाइन चुकली किंवा क्वार्टरबॅकच्या संरक्षणाची रचना चुकली. दुसऱ्या हिचनंतर आदळला तर क्वार्टरबॅक रेंगाळला. मधल्या वेळेचे सॅक भांडायला ठेवा, करमणूक होईल. मात्र आधी माणसं मोज. रोखणारे पाच नि धावून येणारे सहा असतील तर सहावा क्वार्टरबॅकच्या वाट्याचा असतो, त्याने चेंडू तत्काळ सोडायचा असतो. तिथे लाइनला बोल लावणं म्हणजे खेळ न बघता बोलणं.

घड्याळही बघ. २०२४ पासून एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज जातो, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे स्नॅपसाठी दिलेल्या वेळेच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले किंवा स्नॅप झाला की तो बंद होतो. पुढचं सगळं एकट्याचं: समोर सेफ्टी एक की दोन, संरक्षणाची रचना बदलायची का, रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणाऱ्याला) कुठल्या बाजूला उभं करायचं. स्नॅप पुन्हा पुन्हा दोन सेकंद उरल्यावर होत असेल तर विचार करायला वेळ राहत नाही आणि पावलं घाईत पडतात. तो उशीर बाजूरेषेवरून प्ले यायला लागलेला की पोराला कळायला लागलेला, हे एका प्लेवरून सांगता येत नाही. दहा प्लेंवरून येतं.

"प्रशिक्षक त्याला शिकवत का नाहीत?" हा तुझा प्रश्न वाचून, खरं सांगतो, चिडलो. हंगामात खेळाडूला सक्तीच्या सरावासाठी आठवड्याला २० तास मिळतात. त्यात बैठका आल्या, व्हिडिओ आला, व्यायाम आला, आणि सामन्याचे तीन तास धरले जातात. उरलेल्या वेळात पुढच्या शनिवारच्या संघाची तयारी करायची असते. शरीराला लागलेली पायांची सवय ऑक्टोबरात मोडत नाही. ती मोडायची ती जानेवारी ते ऑगस्ट, वसंतातल्या १५ सराव सत्रांत नि उन्हाळ्यात. हंगामात बदलता येतं ते वेगळं: पावलं कमी करणं, पॉकेट, म्हणजे क्वार्टरबॅकभोवतीचं संरक्षक कडं, उजवीकडे सरकवणं, वेग वाढवणं. ते पंधरा दिवसांत दिसतं. म्हणून सप्टेंबरातला नि नोव्हेंबरातला आर्च वेगळा वाटला की लगेच "पोरगा सुधारला" म्हणू नकोस. पोरगा बदलला की त्याला दिलेलं काम बदललं, ते आधी पायांवरून ठरव. तुझी पलटी झाली ती इथे. मत बदललंस याचं काही नाही. कशावरून बदललंस ते तुला सांगता आलं नाही.

तुझा तो मित्र उदाहरण देतो ते जो बरो या क्वार्टरबॅकचं. उदाहरण चांगलं आहे, पण अर्धवट. एलएसयू विद्यापीठात २०१८ साली बरोचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले, १६ टचडाउन. २०१९ ला ७६.३ टक्के, ६० टचडाउन, १५ पैकी १५ विजय आणि राष्ट्रीय विजेतेपद. मधल्या काळात सेंट्सकडून पासच्या खेळाचा प्रशिक्षक म्हणून जो ब्रेडी आला. म्हणून ब्रेडीसारखा कुणीतरी आणा, असं सगळे म्हणतात. पण बरो तेव्हा कॉलेजातल्या पाचव्या वर्षी होता, समोर जमार चेस नि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर होते, आणि त्या लाइनला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनचं जो मूर पारितोषिक मिळालं. ब्रेडीने रचना बदलली हे खरंच. पण ती रचना पेलणारे पाय नि ते रोवायला मिळणारा वेळ तयार होता. हे दुसरं वाक्य कुणी उच्चारत नाही, कारण त्यातून कुणाला हाकलता येत नाही.

आणि "बसवा त्याला" हे तर फार सोपं. ८ जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात अलाबामाचा प्रशिक्षक निक सेबन याने मध्यंतराला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवलं, १३-० अशी पिछाडी होती, आणि त्याच्या जागी आलेल्या टुआने ओव्हरटाइममध्ये २६-२३ असा सामना काढला. लोकांनी हर्ट्स संपला म्हणून टाकलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, एसईसी या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात, टुआ जखमी झाल्यावर त्याच हर्ट्सने जॉर्जियाला हरवलं. पुढे ओक्लाहोमा विद्यापीठ, पुढे एनएफएलचा ईगल्स संघ, पुढे सुपर बोल. सेबन चुकला होता का? नाही. हर्ट्स संपला होता का? तेही नाही. तुमच्या भांडणात मात्र या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायला जागाच नसते.

तुझे मित्र म्हणतील, काका म्हातारे झाले, प्रशिक्षकांची वकिली करतात. करतो. कारण बरीच वर्षं मीही नुसते आकडे फेकून भांडलो, आणि त्या भांडणांतली दोन-तीन माणसं मला परत मिळाली नाहीत. ज्यावरून भांडलो ते आज आठवतही नाही. आता मी हट्टी झालोय हे खरं, पण हट्ट निदान दिसणाऱ्या गोष्टीचा आहे. मला कुणी पाय दाखवून खोडून काढलं तर मी गप्प बसतो. आकडा दाखवून मात्र कुणी खोडू नये. ११ पूर्ण पास हा आकडा आहे, त्याला पाय नसतात.

तो आकडा कुठला ते तुला माहीत आहेच. १३ सप्टेंबर २०२५, यूटेप विद्यापीठाविरुद्धचा सामना. टेक्सस २७-१० जिंकलं आणि तरी घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. २५ पैकी ११ पास, ११४ यार्ड. तू त्या रात्री मला दोन ओळी लिहिल्या होत्यास, त्या मी जपून ठेवल्यात, पण इथे उतरवत नाही.

आता काम. तो सामना परत लाव, आवाज बंद करून. वहीत प्रत्येक पासाला एक ओळ: चेंडू कुठल्या हॅशवर, घड्याळात किती सेकंद, मागे किती पावलं, किती हिच, डावा पाय कुठे पडला, अंगावर कुणी होतं का. पास पूर्ण झाला की नाही ते शेवटच्या रकान्यात, आणि तो रकाना ओळ भरून झाल्यावरच भर. प्रत्येक प्ले तीनदा बघ. पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा लाइन, तिसऱ्यांदा चेंडू. उलट क्रमाने बघितलंस तर निकाल आधी डोक्यात बसेल नि पाय तुला हवे तसे दिसायला लागतील. २५ पासांना दोन तास लागतील. कंटाळा येईल, येऊ दे. अपूर्ण राहिलेले १४ वेगळे काढ आणि त्यांतल्या किती ठिकाणी पाय बिघडले होते ते मोज. मग पूर्ण झालेल्या ११ मध्येही तेच मोज. हे लोक विसरतात. बिघडलेल्या पायांवरून गेलेले पासही रिसीव्हर पकडतात, आणि पुढच्या आठवड्यात चांगल्या संघासमोर तेच अंगाशी येतात.

त्यानंतर २५ ऑक्टोबरचा मिसिसिपी स्टेटचा सामना घे. चौथ्या क्वार्टरमध्ये १७ गुणांची पिछाडी भरून काढून ओव्हरटाइममध्ये ४५-३८ जिंकला तो. त्यात आर्चचे ३४६ यार्ड आहेत, पण तू यार्ड लिहू नकोस. तेच रकाने भर नि दोन्ही पानं शेजारी ठेव. पावलांची संख्या बदलली असेल तर श्रेय कुणाचं, डावा पाय बदलला असेल तर कुणाचं, हे तुझं तुला दिसेल. हॉलमध्ये वही घेऊन जाऊ नकोस, उगाच आगाऊपणा वाटतो. कुणी विचारलं तर एकच प्ले लावून दाखव.

फ्लोरिडाचा २९-२१ हरलेला सामना सगळ्यात शेवटी बघ. त्यात सहा सॅक आहेत. त्यांतले मागचा पाय रोवायच्या आतले किती, दुसऱ्या हिचनंतरचे किती, आणि सहावा माणूस न मोजल्यामुळे किती, ते लिहून पाठव. माझी मोजणी कपाटातल्या वहीत आहे. तुझी आल्याशिवाय ती मी सांगणार नाही.

तुझा,
काका