शाळेतून एचपीव्हीच्या लसीचा फॉर्म आलाय, सही करू का?

ताई, तुमचा मेसेज वाचला. लेक बारा वर्षांची, तिकडे इंग्लंडात शाळेतून फॉर्म आलाय, आणि अमळनेरहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "एवढीशी पोर से, तिले कसाले हाई सुई?" म्हणून फॉर्म तसाच पडून आहे. माझं सरळ म्हणणं, आजच सही करा.

सासूबाईंना खुपतंय ते वय, पण वय लहान आहे म्हणूनच आत्ता द्यायची. एचपीव्ही हा व्हायरस शारीरिक संबंधांतून पसरतो आणि इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, नवराबायको कितीही सरळमार्गी असले तरी, आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला घालवतं. पण काहींच्यात तो राहून जातो, आणि मग दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. लस ही शिरलेला व्हायरस काढत नाही, शिरायच्या आधी अडवते. रावेर-यावलकडे केळीवर व्हायरस आला की नंतर कितीही फवारा, उपयोग नसतो, आधीच जपावं लागतं, हे सासूबाईंना लगेच पटेल बघा, त्यांच्याशी असंच बोला.

इंग्लंडात ही लस मुलींना 2008 पासून देतायत. 12-13 व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर जवळपास 87 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2021 च्या अभ्यासात दिसलं. आणि आपल्याकडे भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा होतो, त्यातल्या खूप जणी जातात, कारण कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे वाचून खरंच जीव तुटतो, कारण टाळता येण्यासारखा आहे हो हा.

"पुढे मूल होणार नाही" असं जे फॅमिली ग्रुपवर फिरतं त्यात तथ्य नाही. लसीत जिवंत व्हायरस नसतोच. दंड दुखतो, एखाद्या पोरीला चक्कर येते, म्हणून थोडा वेळ बसवून ठेवतात, आणि सकाळी नाश्ता करूनच पाठवा तिला.

सुट्टीत जळगावला गेल्यावर देऊ, असं नका करू. पुण्याच्या सिरम कंपनीची एचपीव्ही लस, सर्व्हावॅक, आपल्याकडे मिळते, चांगली आहे, पण शाळेत फुकट आणि रेकॉर्डसकट मिळतेय तर थांबायचं कशाला? तिकडे इंग्लंडात 2023 पासून एकच डोस पुरतो. अमेरिकेतल्या वाचकांनो, तुमच्याकडे 11-12 व्या वर्षी देतात, किती डोस ते डॉक्टरांना विचारा.

धाकट्या मुलाचं विचारलं नाहीत, पण त्यालाही द्यायचीच. घशाचे काही कॅन्सरही यातून होतात आणि इंग्लंडात 2019 पासून मुलांनाही देतात. आणि ताई, तुम्हाला स्वतःला स्मिअर टेस्टचं, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचं, पत्र आलं असेल ना, त्याची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, लस घेतलेल्यांनाही ती टेस्ट चुकत नाही.