श्वासाची जागा

सोलापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू कॉम्प्युटरवर बांधलेली सिम्फनी, पूर्ण वाद्यवृंदासाठीची ती मोठी रचना, तीनदा ऐकली. दुसऱ्या भागातली क्लॅरिनेटची ओळ फार गोड आहे, पण त्यात श्वास घ्यायला जागाच नाही. लग्नाच्या वरातीत तू स्वतः क्लॅरिनेट फुंकतोस, मग लिहिताना हे कसं विसरलास?

8 मार्च 2025 ला लंडनच्या इव्हेंटिम अपोलोत रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने तमिळ चित्रपटांचे संगीतकार इळैयराजा यांची ‘व्हॅलिअंट’ सिम्फनी पहिल्यांदा वाजवली, त्याबद्दल तू भरभरून लिहिलंस. त्यांचं वय तेव्हा 81. मला त्यात सगळ्यात मोठा वाटतो तो कागद. पन्नैपुरम या खेड्यातून आलेल्या माणसाच्या मनातलं संगीत परक्या देशातल्या वादकांच्या बोटांत उतरलं, ते स्टाफ नोटेशनमधून, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेल्या स्वरलिपीतून.

तुझे आजोबा जेकार्डच्या मागावर चादरी विणायचे. चादरीवरचा मोर, कुठला धागा उचलायचा ते ठरवणाऱ्या कार्डांच्या भोकांत असतो. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत मोराची मान मोडते. तुझे पार्ट, म्हणजे एकेका वादकासाठी लिहिलेले कागद, म्हणजे ती कार्डं. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेला पूर्ण स्कोअर फक्त कंडक्टरपुढे असतो, वादकाला स्वतःचीच ओळ दिसते. ट्रम्पेटवाल्याला तू चाळीस बार, म्हणजे तालाचे चाळीस खंड, गप्प बसवलंयस. त्याच्या प्रवेशाआधी व्हायोलिनची ओळ बारीक अक्षरात लिही, म्हणजे तो नुसता मोजत बसणार नाही.

आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, म्हणून त्याचा पार्ट तेवढाच वर लिहायचा. तरुणपणी मी तो वर न नेता, आहे तसाच उतरवला होता. तालमीत व्हायोलिन एकीकडे, क्लॅरिनेट एक स्वर खाली. अर्धा तास सगळे एकमेकांकडे बघत होते आणि चूक माझ्या वहीत होती.

पहिला प्रयोग फसेल ही तुझी धास्ती मला कळते. 22 डिसेंबर 1808 ला व्हिएन्नात बेथोव्हनची पाचवी आणि सहावी सिम्फनी एकाच रात्री पहिल्यांदा वाजली. कडाक्याची थंडी, चारेक तासांचा कार्यक्रम, तालीम अपुरी. शेवटच्या रचनेत वादक इतके चुकले की मध्येच थांबवून पुन्हा सुरुवात करावी लागली.

लग्नसराई संपली की बँडमधले पाच जण माझ्याकडे येतो म्हणालेत. फक्त दुसरा भाग आण, प्रत्येकाचा पार्ट वेगळा, हाताने लिहिलेला. पेन्सिल आणि खोडरबर मी ठेवतो.

तुझे,
सर