सुतारी व्हाइसच्या (लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याच्या) लोखंडी जबड्यांना आतून काय लावावं? सागाच्या पट्टीवर वळ उठतात.

आधी १८ मिमी प्लायवूडच्या किंवा आंब्याच्या फळ्या बसवा आणि त्यांवर दोन-तीन मिमी जाडीचं चामडं चिकटवा, खरखरीत बाजू बाहेर ठेवून. गडचिरोलीकडे दारं-खिडक्या करताना मी हेच वापरतो. चामडं दबतं, म्हणून रंधा मारलेल्या पट्टीवर वळ उठत नाही. आणि खरखरीत बाजू लाकूड धरून ठेवते, त्यामुळे दांडा फार आवळावा लागत नाही. फळ्यांचे स्क्रू जबड्याच्या भोकांतून मागून घाला, डोकं समोर राहिलं तर तेच लाकडात रुततं. चामड्याला फेव्हिकॉल लावून फळ्यांवर बसवा, दोन्ही चामड्यांच्या मधे प्लास्टिकचा कागद ठेवा, व्हाइस हलकी आवळा, रात्रभर तशीच राहू द्या. चपला दुरुस्त करणाऱ्याकडे तुकडे मिळतात, फक्त तेलकट घेऊ नका. तेलाचा डाग लागला की त्या जागी पॉलिश धरत नाही. काळं रबर तर लावूच नका, पांढऱ्या लाकडावर रेघा उमटतात.

एक मात्र आहे: पटाशीनं साल (सांध्याची खोबण) पाडताना ठोके बसतात तेव्हा चामड्यात लाकूड खाली सरकतं. त्या कामाला नुसत्या लाकडी फळ्याच बऱ्या.