थारला मोठे टायर टाकले, आता हवा किती ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थारचे १६ इंची रिम तेच ठेवून २४५/७५ च्या जागी २६५/७५ चे ऑल-टेरेन (रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारे) टायर टाकलेत. टायरवाला म्हणतो ४० मारा, मित्र म्हणतो २८ पुरे, आणि टायरच्या अंगावर ५० लिहिलंय. तिघांपैकी खरं कोण?

माझ्या गाडीला हाच साईज आहे आणि या तिन्ही आकड्यांवर मी गाडी चालवून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी ५० चा निकाल लावू. तो आकडा तुमच्या गाडीसाठी नाहीच. त्याच ओळीत शेजारी वजन छापलेलं असतं, ते वाचा. तुमच्या टायरवर ११२ लोड इंडेक्स (किती वजन पेलेल ते सांगणारा आकडा) असेल तर त्याचा अर्थ ५० पीएसआयला (हे हवेच्या दाबाचं माप) एक टायर ११२० किलो पेलतो. चार टायर म्हणजे जवळपास साडेचार टन. थार रिकामी पावणेदोन टनांच्या आसपास. साडेचार टनांची हवा भरून तुम्ही गाडी नव्हे, बैलगाडी चालवाल. दर खड्डा थेट कमरेत.

आता टायरवाल्याचा ४०. तो अंदाजपंचे सांगतो हे खरं, पण पूर्ण चुकलेला नाही. तुमच्या टायरच्या साईजआधी 'एलटी' ही अक्षरं आहेत का बघा. असतील तर ती ट्रकच्या जातीची बांधणी. दोरे जाड, साईडवॉल कडक. तेवढंच वजन पेलायला अशा टायरला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, टायर दिसायला कितीही दांडगा असला तरी. 'टायर मोठा, म्हणून हवा कमी' हे मित्राचं गणित फक्त साध्या बांधणीच्या टायरला थोडंफार लागू पडतं. साधे असतील तर दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा धरा आणि हायवेला त्याच्या खाली जाऊ नका. एलटी असतील तर स्टिकरच्या वर चार-पाच पीएसआयपासून सुरुवात करा.

पण हीसुद्धा सुरुवातच. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वजनावर ठरतो आणि ते वजन कंपनीच्या कागदावरचं नाही. बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), रूफ कॅरिअर, मागचा टूलबॉक्स सगळं धरायला हवं. जवळच्या वजनकाट्यावर जा, जिथे उसाचे आणि वाळूचे ट्रक तोलतात तिथे. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. माझी लोखंडी बंपर, विंच, आम्ही दोघं आणि अर्धी टाकी धरून २०४० किलो भरली, त्यातले पुढे १०८०. काटेवाला हसला, पण पावती दिली.

मग खरी परीक्षा. जगभरचे फोर-बाय-फोरवाले, विशेषतः ऑस्ट्रेलियातले, चार पीएसआयचा नियम वापरतात. सकाळी टायर थंड असताना हवा मोजा. तासभर हायवेला नेहमीच्या वेगाने चालवा. थांबल्या थांबल्या परत मोजा. वाढ चारच्या आसपास असेल तर आकडा जमला. सहा वाढली तर मूळ हवा कमी आहे: टायर जास्त वाकतोय, म्हणून जास्त तापतोय. दोनच वाढली तर हवा जास्त. मी पुणे ते शिरवळ असा हा खेळ तीन रविवार केला. ४० थंड भरली तर गरम ४२. कमी करून ३० ठेवली तर ३६. ३४ ला ३८ आली, तिथे थांबलो. आता पुढे ३४, मागे ३२. चार माणसं आणि सामान घेऊन निघालो तर मागे ३६.

मोजताना एक गंमत ध्यानात ठेवा. उन्हाच्या बाजूचे टायर जास्त दाखवतात. आणि हवामान बदललं की दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा मे महिन्यातल्या दुपारी तीच राहत नाही. पंपावरच्या गेजवर तर मुळीच भिस्त ठेवू नका. माझ्या घराजवळच्या दोन पंपांत चार पीएसआयचं अंतर आहे. स्वतःचं गेज घ्या आणि कायम तेच वापरा.

खडूची युक्तीही कोणी सांगेल. टायरवर आडवी रेघ मारायची, सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं. मधला खडू आधी गेला तर हवा जास्त, कडेचा गेला तर कमी. साध्या टायरला ठीक. जाड नक्षीच्या कडक टायरवर मात्र ती फसवते, कारण आतला स्टीलचा पट्टा टायरला सपाट धरून ठेवतो आणि हवा जरा कमी असली तरी खडू सारखाच पुसला जातो. खडूवर भरवसा ठेवून खाली खाली जाऊ नका.

हे झालं डांबराचं. रस्ता सोडला की हवा काढायचीच. हवा कमी केली की टायर लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि पकड वाढते. मी कच्च्या, खडीच्या रस्त्यावर २६ करतो. मुरमावर साचलेल्या चिखलात २० ते २२. राजस्थानात वाळूच्या टेकड्यांवर १६ पर्यंत गेलोय. काळ्या मातीत मात्र हवा काढून फारसं हाती लागत नाही. ती नक्षीत भरते आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो. तिथे चाक थोडं जोरात फिरवून माती फेकायची, आणि खरं तर पावसाळ्यात तिकडे जायचंच नाही.

सह्याद्रीत दगडावर हवा फार काढू नका. आपला काळा फत्तर फुटला की कडा सुरीसारख्या असतात. हवा कमी असली की साईडवॉल बाहेर फुगते आणि नेमकी तिथेच कापली जाते. नक्षीतलं पंक्चर निघतं, साईडवॉलचा कट म्हणजे टायर गेला. मी दगडावर २० च्या खाली जात नाही.

१५ च्या खाली तर साध्या रिमवर कुठेच नको. एकदा मुळशीकडे मीच शहाणपणा करून १४ वर गेलो आणि खाचराच्या बांधाजवळ स्टिअरिंग पूर्ण वळवलं. टायरची कड रिमवरून सुटली, आत चिखल आणि बारीक खडे. जॅक लावून, कड पुसून, रॅचेटचा पट्टा आवळून हवा धरायला दोन तास गेले, वर पाऊस. कमी हवेवर वेग ३० च्या आत आणि वळणं मोठी, हे तेव्हापासून अंगवळणी पडलंय.

परत डांबरावर यायच्या आधी हवा भरणं ही मात्र चैन नाही. २० पीएसआयवर ८० च्या वेगाने घाट उतरणं म्हणजे टायर आतून भाजणं. तेव्हा १२ व्होल्टचा बरा कॉम्प्रेसर घ्या, आणि तो चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडणारा हवा. लायटरच्या सॉकेटवरचे मोठ्या टायरला दमतात आणि फ्यूज उडवतात.

तुमच्या नव्या टायरचा व्यास ७७४ वरून ८०४ मिलिमीटर झालाय. म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०४ वर असाल. कॅमेऱ्यापुढे हे आठवा. विमा कंपनीलाही बदल आधी लेखी कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

आणि एक तुम्ही विचारलं नाहीत: पाचवा टायर घेतलात का? मागच्या दारावर जुना २४५ च लटकत असेल तर पंक्चर झाल्यावर तो मागच्या एक्सलला लावू नका, विशेषतः तिथे लॉकिंग डिफरन्शियल (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवायला जोडणारी यंत्रणा) असेल तर. दोन चाकांचा घेर वेगळा असला की ते बिचारं सतत झटत राहतं. पुढचं एक मोठं चाक काढून मागे लावा, जुना पुढे, गाडी टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात त्या गिअरमध्ये) ठेवा आणि हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जा. त्या जुन्या टायरला स्टिकरवरचीच हवा.